बत्तीस बल्बांचं झुंबर

संजीवनी मांढरे सायकल ढकलत नाही, खांद्यावर घालून आली, तेव्हाच मी ओळखलं की मागचं चाक कामातून गेलं. शनिवार होता, सकाळचे पावणेआठ. मी नुकतंच शटर वर करून देवाला उदबत्ती लावत होते. तिनं सायकल दारात उलटी करून ठेवली, हँडल आणि सीटवर, आणि मागचं चाक फिरवलं. अर्धा फेरा फिरून ते ब्रेकच्या रबराला घासलं आणि थांबलं. रिंगेला सांध्यापाशी चीर गेली होती, नख आत जाईल एवढी.

"कुठं आपटलीस?"

"पसरणीच्या घाटात, उतरताना. दगड दिसलाच नाही, ताई." तिचं कोपर सोलून निघालं होतं, पण तिचं तिकडं लक्ष नव्हतं. "उद्या सात वाजता शर्यत आहे."

हे मला सांगायला नको होतं. डोंगरातल्या सायकल शर्यतीची ती जिल्ह्याची निवड होती. पहिल्या दोघी राज्याच्या स्पर्धेला जाणार. तेवीस वर्षांखालच्या गटातलं संजीवनीचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी तिला मोठ्या बायकांच्या गटात जावं लागलं असतं, आणि तिथं ज्यांच्या मागं मोठे क्लब उभे आहेत अशा मुलींसमोर वाईच्या औषधाच्या दुकानात काउंटर सांभाळणारीला कोण विचारतंय! दोन वर्षं ती रोज पहाटे घाट चढून यायची आणि नऊ वाजता खोकल्याची औषधं विकायला उभी राहायची.

"तू कामावर जा," मी म्हणाले. "पाच वाजता ये. चाक तयार असेल."

"रिंग आहे?"

"सव्वीस इंची, बत्तीस भोकांची, दुहेरी पत्र्याची. सायकल दिली तेव्हाच तुझ्यासाठी जादा ठेवलीय. माळ्यावर आहे."

तिनं सुटकेचा श्वास टाकला. "म्हणून तर सरळ तुमच्याकडं आले," म्हणाली, आणि लंगडत गेली.

मी कुंदा लोहार. वाईतलं लोहार सायकल मार्ट माझं. वडिलांनी तिघी मुलींना चाक भरायला शिकवलं. त्यातल्या दोघींचा हात लाटण्यावर बसला, माझा पान्ह्यावर. स्पोक बोटानं छेडून नुसत्या आवाजावरून सैल कोणता आणि ताठ कोणता हे मी सांगते. आणि वाकडं फिरणारं चाक सरळ करणं, ज्याला आम्ही आउट काढणं म्हणतो, ते माझ्याइतकं नीट साताऱ्यापासून पुण्यापर्यंत कुणी करत असेल तर त्यानं समोर यावं. आजवर कुणी आलेलं नाही.

संजीवनीची सायकल मीच तिला दिलेली. वापरलेली होती, पण जातिवंत. तेव्हा डोंगरातल्या सायकलींची चाकं बदलायला लागली होती. आधी सगळ्या सव्वीस इंची असायच्या. मग कंपन्यांनी साडेसत्तावीस काढलं, मग एकोणतीस, आणि चार-पाच वर्षांत सव्वीसचा चांगला माल बाजारातून गायब झाला. संजीवनी उंचीनं पाच फुटांच्या आत. एकोणतीसच्या सायकलवर ती बसली की बैलगाडीवर चिमणी बसल्यासारखी दिसायची. तिला सव्वीसच हवी होती, आणि तिनं विचारलं होतं, "पुढं पार्ट मिळतील ना?" तेव्हा मी छाती ठोकून सांगितलं होतं, "मी आहे तोवर मिळतील."

तर मी शिडी लावली आणि माळ्यावर चढले.

माळ्यावर लेडीज सायकलचे चार मडगार्ड होते, एक फुटका पंप होता आणि उंदरांच्या लेंड्या होत्या. रिंगांचा पत्ता नव्हता.

मी तिथंच, मान वाकडी करून, बसले. मग सगळं आठवलं. दिवाळीच्या आधी सायकल कंपनीचा एक एजंट आला होता, शर्ट खोचलेला, हातात टॅब. माझ्या माळ्याकडं बघून तो हसला. "मॅडम, सव्वीस इंची म्हणजे मेलेला माल. हा ठेवून तुम्ही दुकान चालवताय का म्युझियम?" त्याला मी चहासुद्धा न देता घालवला, पण राग काही जाईना. त्याच दुपारी मांडववाला भानुदास पिसाळ सजावटीसाठी जुन्या रिंगा मागायला आला, आणि मी शिडीकडं बोट दाखवून म्हणाले, "वर आहे ते सगळं ने. माझ्या डोळ्यांसमोर नको." तेव्हा मी काउंटरवर बसून कुणाचं तरी फ्रीव्हील खोलत होते. वर जाऊन बघितलंसुद्धा नाही. एकूण दहा रिंगा. आठ छत्तीस भोकांच्या आणि दोन बत्तीसच्या. संजीवनीच्या त्याच दोन.

रागाच्या भरात केलेलं काम असंच असतं, आणि माझा राग हा आमच्या घरात कुलदैवतासारखा आहे, वर्षातून चारदा नैवेद्य घेतोच.

खाली आले आणि दुकानं उघडायची वेळ होताच फोन हातात घेतला. साताऱ्याला लावला. "सव्वीस? आहे की!" पलीकडचा म्हणाला. मी विचारलं, "लेडीजची का डोंगराची?" "लेडीजची." ती अंगठाभर मोठी असते, त्यावर आमचा टायर चढत नाही. कराडला लावला. तिथं स्वस्तातली लोखंडी होती, छत्तीस भोकांची. संजीवनीच्या चाकाचा हब, म्हणजे स्पोक अडकतात तो मधला गाभा, बत्तीस भोकांचा. बत्तिसाचा हब छत्तिसाच्या रिंगेत कसातरी बसवता येतो, पण त्यावर मी माझ्या शत्रूलाही डोंगर उतरायला सांगणार नाही. पुण्याचा दुकानदार भला माणूस होता. "ताई, सव्वीसचं आता कोण विचारतंय? लुधियानाहून मागवतो, आठ दिवस धरा." उद्या सकाळी सातला जेमतेम वीस तास उरले होते.

शेवटी पिसाळला फोन लावला.

"रिंगा व्हय?" तो खूश होऊन म्हणाला. "ताई, काय सांगू, सोनेरी रंग मारलाय. एकेका भोकात एकेक बल्ब घातलाय, तांदळाएवढा. झुंबरं केल्यात झुंबरं! आज ओझर्ड्याच्या लग्नात दहाच्या दहा लटकल्यात. या बघाया."

"त्यातल्या मला दोन परत पाहिजेत. आत्ता."

"आत्ता? ताई, बारा पस्तीसचा मुहूर्त हाय. मुहूर्ताच्या आधी झुंबर उतरवलं तर नवरीचा बाप मलाच वर टांगंल."

मी दुकानाचं शटर ओढलं आणि स्कूटी काढली. ओझर्ड्यात पोचले तेव्हा सव्वाअकरा झाले होते. अंगावर ग्रीसचे डाग पडलेला पंजाबी ड्रेस, पिशवीत पान्हे आणि पक्कड. दारात गुलाबपाणी शिंपडणाऱ्या बाईनं मला बघून हात आखडता घेतला. "जनरेटर मागल्या बाजूला हाय," ती म्हणाली. मी म्हटलं, बरं आहे, जनरेटरवाली तर जनरेटरवाली.

मांडव दणदणीत होता. आणि वर माझ्या रिंगा! कबूल करते, पिसाळनं काम देखणं केलं होतं. पण मला त्यातल्या बत्तिसाच्या दोन हव्या होत्या, आणि सोनेरी रंगात दहाही सारख्याच. मग माझ्या लक्षात आलं, एका भोकात एक बल्ब. बल्ब मोजायचे. तशी मी वऱ्हाडाच्या मधोमध, मान वर करून, एकेका झुंबराखाली उभी राहून मोजायला लागले. चौतीस, पस्तीस, छत्तीस. पुढचं. मधेच कुणीतरी "सरका की ओ" म्हणून ढकलायचं आणि मोजणी चुकायची. पुन्हा पहिल्यापासून.

पहिलं बत्तीसचं सहाव्या झुंबराला सापडलं. पण त्याला हूक अडकवायला पिसाळनं तीन मोठी भोकं पाडली होती. ती रिंग मेली. दुसरं मंचावर होतं, नवरा-नवरीच्या खुर्च्यांच्या बरोबर वर. ते तारेनं बांधलेलं दिसत होतं. "सकाळी घाई झाली, भोकं पाडाय टाइमच मिळाला न्हाई," पिसाळ मागून म्हणाला. त्याच्या घाईला मी मनातल्या मनात हात जोडले.

तेवढ्यात फोन वाजला. संजीवनी.

"ताई, चाक होतंय ना?" मागं औषधाच्या दुकानातली गडबड ऐकू येत होती. "साताऱ्याच्या क्लबच्या घोरपडे सरांचा फोन आला होता. त्यांच्याकडं एक जादा सायकल आहे, एकोणतीसची. मला देतो म्हणाले. पण बारापर्यंत सांगायचंय, नाहीतर दुसऱ्या मुलीला देणार आहेत. काय सांगू?"

समोर, बारा फूट उंचीवर, बत्तीस बल्ब लुकलुकत होते. खाली नवरीची आई सोन्याच्या बांगड्या सावरत कुणाला तरी ओरडत होती. मुहूर्ताला अजून तास होता. ती रिंग मिळेल की नाही हे मला त्या क्षणी माहीत नव्हतं. हे मी आज स्पष्ट सांगते, तेव्हा सांगितलं नाही.

"नको म्हणून सांग," मी म्हणाले. "एकोणतीसवर तुझे पाय पोचत नाहीत नीट. चाक माझ्या डोळ्यांसमोर आहे."

"नक्की ना?"

"अगं, बघतेय मी त्याच्याकडं."

"बरं. मग कळवते त्यांना." तिनं फोन ठेवला. खोटं बोलले नाही, असं मी स्वतःला बजावलं आणि पंगतीच्या खुर्चीवर जाऊन बसले.

मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या, बँडनं कान किटवले. लोक जेवायला पळाले तशी मी पिसाळला शिडी आणायला लावली. शिडी मंचापर्यंत पोचायच्या आधीच नवरीची आई आडवी आली.

"काय करताय?"

"मावशी, हे एवढं झुंबर उतरवायचंय. वरची रिंग पाहिजे."

"लेकीच्या डोक्यावरचं झुंबर? लग्नाच्या दिवशी?" त्यांचा आवाज चढला. "अपशकुन करताय व्हय? पिसाळ, ही बाई कोण?"

पिसाळ माझ्या मागं लपला. मी बरंच बोलले. शर्यत, निवड, शेवटचं वर्ष, सगळं. पण नवरीच्या आईसमोर बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. त्या ऐकत नव्हत्या, फक्त मान हलवत होत्या, आणि घड्याळात दीड वाजून गेला होता. बारा वाजून गेले होते, म्हणजे सरांची ती सायकल गेलेली होती. मीच घालवली होती.

"कुणासाठी पाहिजे म्हणालात?" खुर्चीतून नवरीनं विचारलं. मुंडावळ्या बाजूला करून ती माझ्याकडं बघत होती.

"संजीवनी मांढरे. वाईची."

"पसरणीच्या घाटात सायकल चालवते, ती? लाल हेल्मेटवाली?"

"तीच."

नवरी खुर्चीत पुढं सरकली. म्हणाली, "मी तीन वर्षं पाचगणीला कॉलेजला जायचे. पहाटेची एसटी. शेवटची दोन वर्षं रोज ती एकटी चढताना दिसायची, दात ओठ खाऊन. बस तिला मागं टाकायची तेव्हा आम्ही पोरी खिडकीतून ओरडायचो, 'चल, चल!' तिला कधी ऐकू गेलं नसेल." ती आईकडं वळली. "आई, लग्न लागलं माझं. आता काय अपशकुन होतोय? उतरवू दे त्यांना."

"अगं पण फोटो..."

"फोटो झाले. नाही झाले तर अंधारात काढा." आणि मला म्हणाली, "उद्या जिंकली तर तिला सांगा, ओझर्ड्याच्या पोरी ओरडत होत्या म्हणून."

पिसाळनं वायर तोडली, मी खालून रिंग झेलली. हातात आली तेव्हा मी तिला कडेवरच्या पोरासारखी धरली होती, असं पिसाळ नंतर सगळ्यांना सांगत फिरला.

तीन वाजता मी दुकानात होते. आधी कडेचा सोनेरी रंग घासून काढला, नाहीतर ब्रेकचं रबर त्यावर घसरलं असतं. मग जुनं मोडकं चाक आणि नवी रिंग शेजारी-शेजारी बांधली आणि एकेक स्पोक इकडून काढून तिकडं ओवला. वडील असंच करायचे, त्यामुळं एकाही स्पोकची जागा चुकत नाही. पाच वाजता संजीवनी आली तेव्हा मी आउट काढत होते. चाक इतकं सरळ फिरत होतं की फिरतंय का थांबलंय ते कळू नये.

"सोनेरी?" ती हसली.

"तुझ्यासाठी खास," मी म्हणाले. बाकी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी भिलारच्या बाजूच्या डोंगरात चार फेऱ्यांची शर्यत झाली. मी सगळ्यात वाईट उतारापाशी उभी राहिले, जिथं दगडांची पायऱ्यांसारखी रांग होती. प्रत्येक फेरीला ती सोनेरी रिंग त्या दगडांवर आदळायची आणि माझी दातखीळ बसायची. तिसऱ्या फेरीला एक मुलगी त्याच जागी पडली. तिच्याकडं क्लबची एकोणतीसची सायकल होती, सरांनी दुसरीला दिलेली. ती उठली, पण मागं पडली. संजीवनी चौथ्या फेरीला माझ्या समोरून गेली तेव्हा तिसरी होती. शेवटच्या चढावर तिनं एकीला मागं टाकलं. दुसरी आली. मी इतकी ओरडले की दोन दिवस घसा बसला.

नंतर लोक जमले. घोरपडे सर आले, वाईची पाच-सहा मंडळी होती. मला राहवतंय होय? मी सगळी गोष्ट सांगायला सुरुवात केली. माळा, एजंट, पिसाळ, बल्बांची मोजणी, मला जनरेटरवाली समजलेली बाई. "आणि हिचा फोन आला तेव्हा रिंग माझ्या डोक्यावर बारा फूट लटकतेय, आणि मी म्हणते, चाक माझ्या डोळ्यांसमोर आहे!" सर पोट धरून हसले. सगळे हसले. मी सुद्धा.

संजीवनी हसली नाही. गर्दी पांगल्यावर ती सायकल घेऊन माझ्याकडं आली.

"म्हणजे मी फोन केला तेव्हा तुमच्याकडं रिंग नव्हती?"

"डोळ्यांसमोर तर होती की."

"आणि ती नवरी नाही म्हणाली असती तर?"

"म्हणाली का? तिनं तर तुला निरोप दिलाय, ओझर्ड्याच्या पोरी..."

"ताई," ती माझं बोलणं तोडत म्हणाली. "नाही म्हणाली असती तर?"

मी वाकून टायरवरची माती खरवडायला लागले.

"तर मी आज घरात बसले असते. सरांची सायकलपण गेलेली, आणि तुमचं चाकपण नाही."

मला राग आला. काल दिवसभर मी उपाशी होते, परक्यांच्या लग्नात भिकाऱ्यासारखी उभी राहिले होते, आणि ही दुसरी आलेली पोरगी मला जाब विचारतेय! मी म्हणाले, "आणि खरं सांगितलं असतं तर सरांची सायकल घेतली असतीस, आणि त्या दगडांवर पडली असतीस. पडली की नाही ती?"

"नसती घेतली." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज ठाम होता. "तुम्ही सांगितलं असतं, की संजीवनी, रिंग मांडवात टांगलीय, मिळेल की नाही माहीत नाही, तरी मी तुमच्यासाठीच थांबले असते. शपथ घेऊन सांगते. पण ते मी ठरवलं असतं, ताई. दोन वर्षं घाट मी चढलेय. ते तुम्ही ठरवलंत."

माझा राग गेला आणि त्या जागी लाज आली, अशी की मान वर करवेना. मला वाटलं होतं, मी तिचा शब्द राखला. मी माझा राखला होता. तिचा तर मी तिला विचारलाच नव्हता.

"चुकलं माझं," मी म्हणाले. हे शब्द माझ्या तोंडून सहसा निघत नाहीत, त्यामुळं ते जरा मोठ्यानं आले.

तिनं डोळे पुसले. सायकल उलटी केली, हँडल आणि सीटवर, आणि मागचं चाक फिरवलं. "राज्याची स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. हे तोवर टिकेल का? खरं सांगा."

मी खाली बसले. चाक सरळ फिरत होतं, पण मी ते थांबवलं आणि एकेक भोक बोटानं तपासत गेले. सांध्याजवळच्या एका भोकापासून केसाएवढी चीर निघाली होती. कुणालाही दिसली नसती. ती बुजवून, वरून सोनेरी रंग मारून, मी तिला हसत घरी पाठवू शकले असते. महिनाभरात कुठूनतरी दुसरी रिंग पैदासुद्धा केली असती. तशी माझी खात्री होती, आजही आहे.

"नाही टिकणार," मी म्हणाले. "आणि दुसरी माझ्याकडं नाही. शोधीन, पण मिळेल का सांगता येत नाही."

"बरं," संजीवनी म्हणाली, आणि माझ्या शेजारी मातीत बसली. "आता मी ठरवते."